गावातल्या लिनक्स मशीनचं अपडेट: वीज जाते, रेंज जाते, तरी नीट कसं जमवायचं?

सुरंगी

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात संगणकाचं काम मी बघते. एक सर्व्हर आहे, त्यावर डेबियन ११ ही लिनक्स प्रणाली आणि कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर. पुस्तकांची नोंद, देवघेव, वर्गणी आणि सभासदांचे पत्ते-फोन नंबर, सगळं त्यातच आहे. मुलांना वापरायला थोडे जुने डेस्कटॉप आहेत, त्यांवरही डेबियनच. त्यातल्या दोघांवर तर अजून ३२-बिट प्रणाली आहे.

कमांड मला येतात. अडचण वेगळी आहे. मे अखेरपासून दसऱ्यापर्यंत आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. फांदी तारेवर पडली की दुपार गेली. इन्व्हर्टर आहे, पण बॅटरी जुनी झाली आहे. फायबर तुटलं तर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम चालवावं लागतं आणि रोजचा डेटा ठरलेला असतो. अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली तर सर्व्हर उठणारच नाही, या भीतीने ते पुढे पुढे ढकललं जातं.

त्यात कार्यकारिणीतल्या ज्येष्ठांचं म्हणणं असं की, "चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?" त्यांना पटेल असं उत्तर हवं आहे. आणि डेबियन ११ वरून पुढे कसं जायचं तेही सांगा. घाई नाही, पण यंदा हे मार्गी लावायचंच आहे.

(कमांड देवनागरीत लिहिते आहे, टर्मिनलवर नेहमीसारख्या टंकाव्यात.)

गलबत

"चालतंय ना" याचं उत्तर मी देतो, कारण मी उरणचा. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि मर्स्क या जहाज कंपनीच्या यंत्रणा बंद पडल्या. त्यांचं एक टर्मिनल आमच्या जेएनपीटी बंदरात आहे. तिथलं काम कोलमडलं. ज्या भोकातून तो एका विंडोज मशीनवरून दुसऱ्यावर पसरत होता, त्यातल्या एका मोठ्या भोकाचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. म्हणजे तीन महिने औषध उपलब्ध होतं. त्या काळातही लोकांची मशीनं "चालतच" होती.

विंडोजची गोष्ट आहे म्हणून लिनक्सवाल्यांनी हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. एप्रिल २०१४ चं हार्टब्लीड हे भोक ओपनएसएसएल या जोडणी सुरक्षित करणाऱ्या लायब्ररीत होतं. सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेरचा कोणीही वाचू शकत होता, आणि लॉगमध्ये त्याची खूणही राहत नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेलशॉक आलं, ते तर थेट बॅशमध्ये, म्हणजे कमांड चालवणाऱ्या शेलमध्ये. भोक जाहीर झालं की ते वापरणारी हत्यारंही लगेच फिरू लागतात. ती गुहागर बघत नाहीत की मुंबई, इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता चाचपत जातात.

पाणंद

गलबत, तुमच्या गोष्टीचा दुसरा अर्धाही सांगायला हवा. नॉटपेट्या युक्रेनमध्ये शिरला तो एमई-डॉक नावाच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच. ज्यांनी इमानेइतबारे अपडेट घेतलं त्यांच्याकडे तो आधी पोचला. अपडेट कुठून येतं आणि त्यावर सही कोणाची, हे तपासणं तितकंच महत्त्वाचं.

गलबत

मान्य. म्हणून तर डेबियनसारख्या ठिकाणी सहीची साखळी आहे. मिररवरच्या, म्हणजे डेबियनची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरच्या, इनरिलीज फाइलवर डेबियनच्या किल्लीची सही असते, त्या फाइलमध्ये पॅकेजयादीचा हॅश (फाइलचा ठसा), आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश. मिरर साध्या एचटीटीपीवर असला तरी मधल्या कोणी फाइल बदलली की पॅकेज आणून बसवणारं अ‍ॅप्ट ती घेत नाही. धोका वाढतो तो आपण कुठल्या तरी ब्लॉगवरून उचलून भलतीच रिपॉझिटरी (पॅकेजांचं कोठार) जोडतो आणि तिची किल्लीही डोळे मिटून स्वीकारतो तेव्हा.

रातांबा

सुरंगीताई, देवगडात एका संस्थेचे सर्व्हर मी सांभाळतो. आंब्याच्या हंगामात आणि पावसात आमचीही हीच गत असते. त्यामुळे सविस्तर लिहितो.

माझं सांगणं एकच: डाउनलोड आणि इन्स्टॉल ही दोन वेगळी कामं आहेत, ती वेगळ्या वेळी करा. डाउनलोड कितीही वेळा तुटलं तरी काही बिघडत नाही. अर्धवट फाइल आर्काइव्ह्जच्या पार्शल फोल्डरमध्ये राहते आणि पुढच्या वेळी तिथूनच सुरू होते. नाजूक काम फक्त इन्स्टॉलचं, आणि फाइल्स डिस्कवर तयार असतील तर महिन्याच्या साध्या अपडेटला ते फार वेळ घेत नाही. म्हणजे तुमच्या बॅटरीला नेट आणि वीज दोन्ही एकत्र तोलून धरायची गरज उरत नाही.

रात्री रेंज बरी असते तेव्हा 'अ‍ॅप्ट अपडेट', मग 'अ‍ॅप्ट अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली'. सकाळी वीज स्थिर आहे, बॅटरी भरलेली आहे असं बघून नुसतं 'अ‍ॅप्ट अपग्रेड'. नवी यादी आणायची नाही, म्हणजे नेट नसलं तरी चालतं. डेटा किती जाणार ते आधी कळावं म्हणून कमांड देऊन 'किती आणावं लागेल' तो आकडा वाचायचा आणि 'नाही' म्हणायचं.

हीच विभागणी डेबियनने स्वतःही केलेली आहे, पण फार जणांचं तिकडे लक्ष जात नाही. सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीचे दोन टायमर आहेत. 'अ‍ॅप्ट-डेली' यादी आणि पॅकेज उतरवतो, 'अ‍ॅप्ट-डेली-अपग्रेड' बसवतो. दुसऱ्याची मूळ वेळ पहाटे सहाच्या सुमाराची असते. 'सिस्टिमसीटीएल एडिट' वापरून ती तुम्हाला हवी तेव्हाची करता येते. फक्त तिथे ऑनकॅलेंडरची एक रिकामी ओळ आधी लिहायची आणि मग नवी, नाहीतर जुनी वेळही कायम राहते.

डेटाचं म्हणाल तर अ‍ॅप्ट-कॅशर-एनजी बसवा. एका मशीनवर पॅकेज उतरलं की बाकीची सगळी त्याच्याकडून घेतात, गावात एकाच्या विहिरीवर वाडीतले सगळे पाणी भरतात तसं. सर्व्हरवर तो ३१४२ पोर्टवर ऐकतो, डेस्कटॉपवर अ‍ॅप्टच्या प्रॉक्सीत सर्व्हरचा पत्ता द्यायचा, झालं. मिररचा पत्ता साधा एचटीटीपीचा ठेवा, कारण एचटीटीपीएसमधलं त्याला साठवता येत नाही. सही वर सांगितल्याप्रमाणे तपासली जातेच.

आणि नेट अजिबातच नसेल तर अ‍ॅप्ट-ऑफलाइन नावाचं हत्यार आहे. तुमच्या मशीनवर 'सेट' करून एक छोटी फाइल काढायची, पेनड्राइव्हवर घालून रत्नागिरीला जाणाऱ्या कोणाकडे द्यायची. तिथे चांगल्या जोडणीवर 'गेट', परत आल्यावर 'इन्स्टॉल'. निसर्ग चक्रीवादळानंतर, ३ जून २०२० नंतर, दापोली-मंडणगड-श्रीवर्धनकडे वीज आणि टॉवर कित्येक दिवस नव्हते. त्या काळात असलं हत्यार माहीत असणं किती मोलाचं, हे तिथल्यांना वेगळं सांगायला नको.

सुरंगी

रातांबा, किती नेमकं लिहिलंत! डाउनलोड वेगळं करणं हे इतकं समोर असून डोक्यात आलं नव्हतं. पण मूळ भीती तशीच आहे. इन्स्टॉल चालू असताना गेलीच वीज, तर?

रातांबा

तर बहुतेक वेळा मशीन उठतं. डीपीकेजी, म्हणजे पॅकेज प्रत्यक्ष बसवणारा प्रोग्राम, प्रत्येक पॅकेजची अवस्था लिहून ठेवत असतो: उलगडलं, अर्धवट बसलं, बसलं पण कॉन्फिगर व्हायचं राहिलं. त्यामुळे परत सुरू केल्यावर कुठे थांबलो ते त्याला ठाऊक असतं. 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' द्या, मग 'अ‍ॅप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. या दोन कमांड कागदावर लिहून सर्व्हरच्या खोलीत चिकटवा. वीज आली तेव्हा तुम्ही गावात नसाल आणि दुसऱ्या कोणाला हे करावं लागेल.

खरी काळजी कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलताना. इनिटरॅमएफएस (बूट होताना लागणारी फाइल) अर्धवट लिहिली गेली तर नवा कर्नल बूट होणार नाही. पण जुना कर्नल डेबियन लगेच काढत नाही. मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना निवडा, आत जा, 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' चालवा. म्हणूनच जागा कमी पडते म्हणून जुने कर्नल हाताने उडवू नका. 'ऑटोरिमूव्ह' चालू कर्नल ठेवूनच साफसफाई करतं, तेवढी पुरे.

अनअटेंडेड-अपग्रेड्स (आपोआप अपडेट बसवणारं पॅकेज) वापरणार असाल तर त्याच्या फाइलीत मिनिमल-स्टेप्स नावाची खूण आहे. ती चालू असली की तो सगळं एका दमात न बसवता लहान लहान गठ्ठ्यांत बसवतो. मध्येच मशीन नीट बंद करायला सांगितलं तर हातातला गठ्ठा पूर्ण करून थांबतो. फक्त वीजेवर चालायचं, बॅटरीवर नाही, अशीही खूण आहे. पण ती लॅपटॉपला कळते. इन्व्हर्टरवरच्या डेस्कटॉपला वीज गेली हे कळतच नाही. यूएसबी असलेला यूपीएस घेऊन त्याला नट म्हणजे नेटवर्क यूपीएस टूल्स जोडलं तर बॅटरी उतरायच्या आत सर्व्हर आपण होऊन व्यवस्थित बंद होतो. वाचनालयाच्या पुढच्या खर्चात हा यूपीएस पहिला धरा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तांबडी_माती

होय, तां बरोबर आसा. माझा एक प्रश्न मधेच. मी कुडाळचा, शाळेतली मशीनं बघतो. मशीन चालू करून लगेच अ‍ॅप्ट चालवलं की 'लॉक मिळत नाही' असं येतं. एकाने लॉकची फाइलच उडवायला सांगितली. करू काय?

रातांबा

अजिबात नको! लॉक आहे म्हणजे दुसरं कोणीतरी आत काम करतंय. वर सांगितलेले टायमर रात्री मशीन बंद असताना चुकले तर सुरू झाल्या झाल्या ती राहिलेली पाळी भरून काढतात. शाळेतली मशीनं रोज बंद होतात, म्हणून तुम्हाला रोज सकाळी तेच दिसतं. दहा-पंधरा मिनिटं थांबा, आपोआप सुटेल. लॉक उडवून दोन प्रक्रिया एकाच वेळी डीपीकेजीच्या नोंदीत लिहू लागल्या तर ती नोंद बिघडते, आणि ते निस्तरणं वीज जाण्यापेक्षा कठीण.

तांबडी_माती

कळलां. आणि एका जुन्या मशीनवर 'रिलीज फाइल अजून वैध नाही' असं येतं. मिरर बदलून पाहिला, तरी तेच.

पाणंद

त्या मशीनचं घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा गोल सेल संपला असेल. वीज गेली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते, आणि अ‍ॅप्टला वाटतं ही सही भविष्यातली आहे. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत त्या सेलच्या पट्ट्याही गंजतात, त्या पुसून घ्या. सीआर२०३२ नावाचा सेल कुठल्याही घड्याळजीकडे मिळेल. तोवर वेळ नेटवरून जुळवणारी सेवा चालू ठेवा.

उधाण

मी मुंबईत असतो, घर मालवणजवळ. घरच्या मशीनवर आर्च लिनक्स आहे. ते चालू होतं ते गणपतीला आणि मे महिन्यात, बाकी वर्षभर झाकून ठेवलेलं असतं. प्रत्येक वेळी अपडेटला सह्यांच्या तक्रारी येतात.

पाणंद

वर्षभर बंद मशीनला आर्च मानवत नाही, हे स्पष्ट सांगतो. तिथे पॅकेजं सतत पुढे सरकतात आणि सह्या करणाऱ्यांच्या किल्ल्याही बदलतात. आधी 'आर्चलिनक्स-कीरिंग' हे पॅकेज ताजं करायचं आणि लगेच त्यामागोमाग पूर्ण प्रणाली. नुसती यादी ताजी करून एखादंच पॅकेज बसवायचं आणि बाकी जुनं ठेवायचं, याला आर्चमध्ये आधार नाही. नवी लायब्ररी आणि जुना प्रोग्राम यांची गाठ पडते आणि पॅकेज बसवणारा पॅकमनच उघडेनासा होऊ शकतो. आर्चच्या मुखपृष्ठावरच्या बातम्याही मधल्या सगळ्या महिन्यांच्या वाचा, कारण काही बदलांना हाताने काम करावं लागतं आणि ते तिथेच लिहिलेलं असतं. घरातली मंडळी ते मशीन एरवी वापरणार असतील तर त्यावर डेबियन स्टेबल टाका. पाहुण्यासारखं वर्षातून दोनदा येणाऱ्याला ते सांभाळता येतं.

उधाण

आई-बाबा वापरतातच हल्ली, व्हिडिओ कॉलला. पटलं, या गणपतीत बदलतो.

आगर

वाचनखूण साठवली. अ‍ॅप्ट-कॅशरचं आमच्या सोसायटीच्या कार्यालयातही करता येईल.

पाणंद

माझ्याकडे दापोलीला होमस्टेसाठी एक छोटं मशीन आहे, त्यावर फ्रीबीएसडी, लिनक्ससारखीच पण वेगळी प्रणाली. रातांबांचा मुद्दा तिथे फारच सोपा होतो. 'फ्रीबीएसडी-अपडेट फेच' आणि 'फ्रीबीएसडी-अपडेट इन्स्टॉल' या मुळातच दोन पायऱ्या आहेत. मूळ प्रणाली आणि वरची पॅकेजं वेगळी असल्याने 'पीकेजी अपग्रेड' स्वतंत्रपणे करायचं. 'पीकेजी ऑडिट -एफ' दिलं, एफ कॅपिटल, की बसवलेल्यांपैकी कशात ज्ञात भोकं आहेत त्याची यादी येते. मी आधी ती बघतो आणि मग ठरवतो की आज रात्रीच करायचं की रविवारी.

पण मला सगळ्यात जास्त धीर देते ती झेडएफएस ही फाइलप्रणाली. अपडेटच्या आधी 'बीईसीटीएल क्रिएट' करून बूट एन्व्हायर्नमेंट, म्हणजे चालू प्रणालीची प्रत, ठेवायचं. नवं बिघडलं तर बूटच्या मेनूतून जुनं निवडायचं, पाच मिनिटांत होतं तसं. लिनक्सवर बीटीआरएफएस आणि त्याच्या स्नॅपशॉटनेही असं करता येतं.

एका बाबतीत मात्र मी रातांबांशी सहमत नाही. डेटाबेस असलेल्या सर्व्हरवर अनअटेंडेड-अपग्रेड्स नको. माणूस समोर असताना अपडेट व्हावं. मार्च २०२४ चं एक्सझेड या फाइल दाबणाऱ्या प्रोग्रामचं प्रकरण आठवा. जिया टॅन या नावाने कोणीतरी बराच काळ त्या प्रकल्पात विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवलं. पोस्टग्रेस डेटाबेसचे डेव्हलपर आंद्रेस फ्रॉइंड यांना एसएसएच (दुरून सर्व्हरवर जाण्याची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा शोध घेताना ते सापडलं. आपोआप अपडेट घेणारे किती जण त्यात सापडू शकले असते!

रातांबा

पाणंद, तेच उदाहरण मी उलट बाजूने देईन. तो एक्सझेड डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग या चाचणीच्या शाखांपर्यंत पोचला होता, स्टेबलमध्ये आला नाही. कारण स्टेबलमध्ये सहसा नव्या आवृत्त्या येत नाहीत. सुरक्षा पथक फक्त दुरुस्ती काढून जुन्या आवृत्तीला जोडतं. म्हणून आवृत्तीचा मूळ आकडा तोच राहतो आणि शेवटी 'डेब१२यू३' अशी शेपटी वाढते. हे माहीत नसलेले लोक "तुमचं ओपनएसएसएच जुनं आहे" म्हणून घाबरवतात. शेपटी बघा, आकडा नको.

जुलै २०२४ मधलं रिग्रेशन हे ओपनएसएसएचचं भोकही बघा. ते ८.५ पासून ९.७ पर्यंतच्या आवृत्त्यांत होतं. डेबियन १२ मधलं ९.२ त्यात सापडलं आणि सुरक्षा पथकाने दुरुस्ती दिली. डेबियन ११ मधलं ८.४ सुटलं. ज्यांच्याकडे सुरक्षेचे अपडेट आपोआप येत होते त्यांना ते पॅकेज कोणी समोर नसतानाही मिळालं. गावातला सर्व्हर सांभाळणारं माणूस एकच असतं, त्याच्या घरी लग्न असतं, आजारपण असतं, शेती असते. त्याच्या अनुपस्थितीत सर्व्हर उघडा राहू नये असं मला मनापासून वाटतं.

कोहा मात्र यातून आपोआप सुटतं, ते चांगलंच आहे. अनअटेंडेड-अपग्रेड्स मुळात डेबियनच्या स्वतःच्या पॅकेजांनाच हात लावतो. कोहा त्यांच्या स्वतःच्या रिपॉझिटरीतून येतं, तर ते तुम्ही हातानेच कराल.

पाणंद

सुरक्षेपुरतं आपोआप, बाकी हाताने, आणि रीबूट कधीच आपोआप नाही, असं असेल तर माझी हरकत नाही.

रातांबा

रीबूट आपोआप नको, यावर एकमत. पण मग रीस्टार्टचं बघायला हवं, आणि हा भाग बहुतेकांकडून सुटतो. पॅकेज बसलं म्हणजे भोक बुजलं असं नाही. वेबपानं देणारा अपाची सुरू होताना ओपनएसएसएलची जी लायब्ररी मेमरीत घेतो, ती डिस्कवरून बदलली तरी तो जुनीच वापरत राहतो. हार्टब्लीडच्या वेळी पॅकेज बसवल्यावरही सेवा रीस्टार्ट कराव्या लागल्या. 'नीडरीस्टार्ट' बसवून ठेवा. कुठल्या सेवा जुनी लायब्ररी धरून बसल्यात आणि चालू कर्नल जुना आहे का, ते सांगतो. कर्नलला रीबूट हवाच. वाचनालय दुपारी बंद असतं तेव्हा आठवड्यातून एकदा बघून घेतलं तरी पुरे.

सुरंगी

हे कळल्यावर आजच सर्व्हरवर बसवलं. मारियाडीबी (कोहाचा डेटाबेस) आणि अपाची दोन्ही यादीत आले! आता डेबियन ११ चं सांगाल का?

रातांबा

११ ला दीर्घकालीन आधार ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंतच आहे. त्यानंतर सुरक्षेचे मोफत अपडेट थांबतील, आणि कालांतराने पॅकेजं मुख्य मिररवरून आर्काइव्हवर जातील, मग 'अपडेट' ४०४, म्हणजे 'सापडत नाही', देऊ लागेल. डेबियन १२ हे जून २०२३ मध्ये आलं, डेबियन १३ हे ऑगस्ट २०२५ मध्ये. ११ वरून थेट १३ वर उडी मारता येत नाही. ११ वरून १२, आणि तिथे सगळं नीट चालतंय हे बघून मग १३.

आधी बॅकअप. 'कोहा-डंप' आणि तुमच्या इन्स्टन्सचं नाव दिलंत की डेटाबेस आणि कॉन्फिगरेशन दोन्ही मिळतात. ती फाइल त्याच इमारतीत ठेवू नका. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं आणि पुस्तकांची मोठी हानी झाली. आपण वाचनालयवाले हे विसरूच शकत नाही. बॅकअप दुसऱ्या मशीनवर 'कोहा-रिस्टोअर'ने उघडून बघा. उघडून न बघितलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवून अपग्रेडला बसू नये.

मग ११ पूर्ण ताजं करून रीबूट. कोहाची रिपॉझिटरी तात्पुरती बंद. दोन्ही टायमर थांबवा. सोर्सेसमध्ये, म्हणजे रिपॉझिटरींच्या यादीत, बुल्सआय या ११ च्या नावाच्या जागी बुकवर्म हे १२ चं नाव, सुरक्षेच्या ओळीतही. वायफाय किंवा नेटवर्क कार्डाला फर्मवेअर लागत असेल तर १२ पासून त्याचा 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा वेगळा विभाग आहे, तो ओळीत जोडा. नाहीतर अपग्रेडनंतर नेटच लागणार नाही आणि दुरुस्तीला नेट हवं असेल.

'अ‍ॅप्ट अपडेट' करून 'अ‍ॅप्ट फुल-अपग्रेड --डाउनलोड-ओन्ली'. हे दोन-तीन रात्री चाललं तरी हरकत नाही, सर्व्हर तोवर ११ वरच चालू राहतो. या काळात दुसरं काही बसवू नका आणि 'अ‍ॅप्ट क्लीन' देऊ नका. पण फार लांबवूही नका, कारण सोर्सेस बदलल्यापासून ११ चे सुरक्षा अपडेट तुम्हाला येत नसतात.

इन्स्टॉलच्या दिवशी टीमक्समध्ये बसा, म्हणजे लॅपटॉपची जोडणी तुटली तरी काम सर्व्हरवर चालू राहतं. आधी 'अ‍ॅप्ट अपग्रेड --विदाउट-न्यू-पीकेजीएस', मग 'अ‍ॅप्ट फुल-अपग्रेड'. हे महिन्याच्या अपडेटसारखं झटपट होत नाही, म्हणून पाऊस संपल्यावरचा, वीज टिकते असा दिवस निवडा. कॉन्फिगरेशन फाइलबद्दल विचारलं तर फरक दाखवायला सांगा आणि कोहाशी संबंधित असेल तर तुमची जुनीच ठेवा.

पाणंद

मारियाडीबीबद्दल एक भर, आपल्या भागाला फार महत्त्वाची. ११ मध्ये मारियाडीबी १०.५ आहे, १२ मध्ये १०.११, १३ मध्ये ११.८. वीज गेल्याने डेटाबेस अवचित बंद पडला असेल, तर त्याची सावरासावर त्याच जुन्या आवृत्तीने करावी लागते. नवी मोठी आवृत्ती जुनीच्या अर्धवट नोंदी सावरू शकत नाही. डेबियन १३ च्या रिलीज नोट्समध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. म्हणून अपग्रेडच्या आधी मारियाडीबी एकदा नीट सुरू करा, लॉग बघा, मग 'सिस्टिमसीटीएल स्टॉप'ने नीट बंद करा. वीज नुकतीच येऊन गेली असेल तर त्या दिवशी अपग्रेडला बसूच नका.

तांबडी_माती

आणि ते ३२-बिट डेस्कटॉप?

पाणंद

१३ मध्ये ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही. त्यांचा प्रवास १२ वर थांबतो. पण आधी 'एलएससीपीयू' चालवून प्रोसेसर खरोखर ३२-बिटच आहे का बघा. कित्येक ठिकाणी कोअर टू ड्युओसारखा ६४-बिट प्रोसेसर असतो आणि कोणीतरी पूर्वी ३२-बिट प्रणाली टाकलेली असते. अशा मशीनवर होम फोल्डरचा बॅकअप घेऊन ६४-बिट डेबियन नव्याने बसवा. अ‍ॅटम एन२७० वगैरे असेल तर मात्र ते खरंच ३२-बिट.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. गलबत यांचं जेएनपीटीचं उदाहरण सभेत वाचून दाखवलं. आमच्या अध्यक्षांचा पुतण्या तिकडेच कंटेनरच्या ट्रकवर होता, त्यांना ते दिवस आठवले. यूपीएसला मंजुरी मिळाली.

सर्व्हर १२ वर गेला. डाउनलोड रात्री केलं, इन्स्टॉल सकाळी. मध्ये वीज गेली नाही, पण दोन्ही कमांडचा कागद भिंतीवर लावून ठेवला होता. कोहाची रिपॉझिटरी परत जोडताना 'स्टेबल' ऐवजी आवृत्तीचा क्रमांक लिहिला, म्हणजे दर मे आणि नोव्हेंबरला नवी आवृत्ती नकळत येणार नाही. दोन डेस्कटॉपपैकी एक ६४-बिट निघाला!

डेबियन १३ ला कोहाच्या यादीत आमच्या आवृत्तीपुढे हिरवी खूण दिसली की जाईन. तेव्हा मी पुण्याला बहिणीकडे असण्याची शक्यता आहे. एसएसएचने करू का?

रातांबा

करता येईल, पण १२ मधलं ओपनएसएसएच पूर्ण ताजं करून मगच. ते जुनं असताना १३ चं अपग्रेड मध्ये अडकलं तर सर्व्हर नव्या एसएसएच जोडण्या घेत नाही आणि तुम्ही पुण्यात अडकाल. टीमक्स हवंच. आणि त्या दिवशी वाचनालयात कीबोर्ड-स्क्रीन जोडून कोणीतरी बसलेलं असू दे, ज्याला रूटचा पासवर्ड माहीत आहे आणि भिंतीवरचा कागद वाचता येतो. कोणी नसेल तर मला कळवा, गुहागरला ओळखीचा एक जण आहे, त्याला पाठवतो.